आधी किट, मग ट्यूब

नौपाडेकर (धागाकर्ती):

परवा नर्सिंग होमच्या बिलांवरच्या धाग्यात कोणीतरी जाता जाता लिहून गेलं, की करोनात भूलवाले डॉक्टर फोनच उचलत नव्हते, घाबरून घरात बसले होते. तिथेच उत्तर दिलं असतं तर तो धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा काढते.

मी ठाण्यात फ्रीलान्स भूलतज्ज्ञ आहे. म्हणजे कुठल्या एका हॉस्पिटलच्या पगारावर नाही. सकाळी नौपाड्यात सिझेरियन, मग पाचपाखाडीत हर्निया, संध्याकाळी घोडबंदर रोडला कोणाचं तरी मोडलेलं हाड, असं बॅग घेऊन फिरायचं. ठाणे-नवी मुंबईतली बरीचशी छोटी नर्सिंग होम अशा फिरत्या भूलतज्ज्ञांवरच चालतात. पेशंटला सर्जनचं नाव तोंडपाठ असतं, आमचं बहुतेकांना माहीतही नसतं. त्याबद्दल तक्रार नाही.

तर हो, घाबरलो होतो. चांगलेच घाबरलो होतो. पण ती भीती हिशेबाची होती, आणि ती नसती तर आमच्यातले बरेच जण आज नसते, असं माझं ठाम मत आहे.

भीती कशाची ते आधी सांगते. पूर्ण भूल देताना पेशंटला झोपवून, स्नायू सैल करून, श्वासनलिकेत ट्यूब घालतात. त्या वेळी आमचं तोंड पेशंटच्या उघड्या तोंडापासून वीत-दीड वीत. तो खोकला तर सगळं आमच्या अंगावर. २००३ च्या सार्सच्या साथीतले अभ्यास २०१२ मध्ये एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा ट्यूब घालणाऱ्यांना लागण होण्याची शक्यता न घालणाऱ्यांच्या सुमारे साडेसहा पट निघाली होती. मार्च २०२० मध्ये आमच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर हाच आकडा फिरत होता. २८ मार्चला जागतिक आरोग्य संघटना ट्विट करत होती, की हा विषाणू हवेतून पसरत नाही. आमच्यातल्या कोणाचाही त्यावर काडीचा विश्वास बसला नाही.

आता किट. सरकारी हॉस्पिटलात ते सरकारने द्यायचं, कॉर्पोरेटमध्ये मॅनेजमेंटने. फ्रीलान्सरला कोण देणार? एका नर्सिंग होमने मला स्वच्छ सांगितलं, ‘मॅडम, तुमचं तुम्ही आणा, बिलात लावता येत नाही.’ एप्रिलमध्ये बाजारात पीपीई म्हणून जे मिळत होतं, त्यातल्या कित्येकांच्या शिवणीवर टेपच नसायची. काही जणांनी बाइकवर घालायचे रेनकोट काढले, ते निदान धुता तरी यायचे. एन-९५ कागदी पिशवीत ठेवून वर वार लिहायचा. सोमवारचा मास्क शनिवारी पुन्हा. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) आरोग्य कर्मचाऱ्यांना हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घ्यायला सांगितलं होतं: पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा, मग सात आठवडे आठवड्यातून एकदा. आम्ही एकमेकांचे ईसीजी काढून ती गोळी घेतली. तिचा उपयोग नाही हे कळेपर्यंत निम्म्यांचा कोर्स संपला होता.

शक्य तिथे पूर्ण भूल टाळायची आणि कमरेतून द्यायची, हे सगळ्यांनी आपापलं ठरवलं. पेशंटच्या तोंडाला मास्क, तो जागा, ट्यूबचा प्रश्न नाही. पण सिझेरियनमध्ये ही कमरेतली भूल (स्पायनल) कधी कधी चढत नाही, अर्धवट लागते, आणि मग पळवाट उरत नाही.

खरी अडचण मात्र एका नियमाची होती. आधी किट. आमचं सगळं शिक्षण याच्या उलट. ऑक्सिजन पडतोय म्हटलं की धावायचं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरायचा, त्याची हवेची बॅग दाबायची. हात आपोआप जातात. करोनात सांगितलं गेलं: धावायचं नाही, बॅग दाबायची नाही, कारण मास्कच्या कडेने हवा उडते. गाऊन, ग्लोव्ह्जचे दोन जोड, एन-९५, गॉगल, वर फेस शील्ड. नीट घालायला पाच-सात मिनिटं जातात. आत कोणी निळं पडतंय आणि तुम्ही बाहेर मास्कची पट्टी नाकावर दाबून, फुंकर मारून बघताय की कडेने हवा निसटते का.

आत गेल्यावर मात्र सगळं ठरलेलं. तीन ते पाच मिनिटं ऑक्सिजन. मग झोपेचं औषध आणि लगेच स्नायू सैल करणारं रोक्युरोनियम, किलोमागे १.२ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ७२ मिलिग्रॅम होतात. पाच मिलीच्या व्हायलमध्ये ५० च असतात, म्हणून दुसरी आधीच भरून ठेवायची, नाहीतर पेशंट अर्धवट सैल पडतो आणि नेमका ट्यूब जाताना खोकतो. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (घशात बघायचा कॅमेरा) असेल तर मान लांब ठेवून पडद्यावर बघता येतं. ट्यूब गेली की आधी तिचा फुगा भरायचा, तिच्या तोंडाशी विषाणू अडवणारा फिल्टर, आणि मगच व्हेंटिलेटर. सर्किट, म्हणजे मशीनच्या नळ्या, सोडवायचं झालं तर ट्यूबला आधी चिमटा. स्टेथोस्कोप कानात घालता येत नाही, त्यामुळे ट्यूब योग्य जागी आहे का हे कॅप्नोग्राफच्या, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राच्या, लाटेवरून ओळखायचं. छोट्या नर्सिंग होममधलं जुनं बॉईल्स मशीन (भुलीचं यंत्र) आणि त्याच्या नळ्यांचं बेन सर्किट आठवा: पेशंटचा उच्छ्वास व्हॉल्व्हमधून सरळ खोलीत. तो फिल्टर नसता तर बोलायलाच नको.

फोन न उचलणारे होते का? होते. पण सगळ्यांना एका मापात मोजू नका, एवढंच म्हणणं.

कोपरीचा पक्या:

तो ‘कोणीतरी’ मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं, ताई.

मे २०२० मध्ये वहिनीचे दिवस भरले होते. बाळाचे ठोके कमी झाले म्हणून डॉक्टर म्हणाल्या, लगेच सिझर करू. भूलवाल्याला फोन. पहिला म्हणाला, टेस्ट कुठाय? दुसरा म्हणाला, मी साठीच्या पुढचा, मी कोविड संपेपर्यंत बंद. तिसऱ्याचा फोन बंद. चौथे आले ते ऐरोलीहून, वाटेत नाकाबंदी. बाळ बरं आहे, पहिलीत जाईल आता. पण तो दीड तास आमच्या घरात कोणी विसरलेलं नाही.

तुम्ही म्हणता भीती हिशेबाची होती. मान्य. पण त्या हिशेबात वहिनी कुठल्या रकान्यात होती?

ऐरोलीचा पूल:

वाचतोय. पक्याचा प्रश्न रास्त आहे.

सीवूड्स:

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, नेरुळला स्वतःचं छोटं नर्सिंग होम. टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो.

पक्या, साठीच्या पुढच्यांना मी स्वतः फोन करणं थांबवलं होतं. त्यातल्या एकांना मधुमेह आणि बायपास झालेली. त्यांना बोलावून मी काय साधणार होतो? त्यांनी निदान स्पष्ट नाही म्हटलं. मला राग आहे तो फोन बंद ठेवणाऱ्यांचा. नाही म्हणा, पण पहिल्या रिंगला म्हणा, म्हणजे आम्ही पुढचा नंबर लावू. इमर्जन्सीमध्ये नकारालाही वेळेची किंमत असते.

टेस्टचं म्हणाल तर तेव्हा रिपोर्टला एक-दोन दिवस लागायचे आणि साडेचार हजार पडायचे. जूनमध्ये सरकारने दर बावीसशेवर आणला. ठोके पडत असताना रिपोर्टची वाट बघण्यात अर्थ नव्हता. त्यामुळे प्रत्येक बाई पॉझिटिव्ह आहे असं धरूनच चालायचं, हे आमच्याकडे एप्रिलअखेर ठरलं. त्या एका निर्णयाने निम्मी भांडणं मिटली. तोवर सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्यात रोज तेच: ‘तिला ताप नाही हो’, ‘तुम्ही लिहून द्याल?’

किटचा खर्च मी माझ्याकडून दिला, हे इथे मुद्दाम सांगतो. सगळे नर्सिंग होमवाले ‘तुमचं तुम्ही आणा’ म्हणत नव्हते.

एक प्रश्न मात्र तेव्हापासून छळतो. आमच्या ओटीला (ऑपरेशन थिएटरला) स्प्लिट एसी. तो चालू ठेवावा की बंद? मे महिन्यात, किटमध्ये, एसी बंद करून सिझेरियन केलंय. पायात घाम साचायचा.

घणसोलीकर:

माझ्या कामाचा विषय निघाला म्हणून लॉग इन केलं. मी एचव्हीएसीमध्ये आहे, म्हणजे इमारतींचं एसी आणि हवा खेळती ठेवण्याचं काम.

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीतच सोडतो. बाहेरची ताजी हवा शून्य. म्हणजे तो चालू ठेवला काय, बंद ठेवला काय, विषाणू बाहेर जात नाही. चालू असला तर तो खोलीभर फिरतो एवढंच. चांगल्या ओटीत तासाला वीस वेळा हवा बदलते, तिथे हवेतले ९९ टक्के कण निघून जायला साधारण १४ मिनिटं लागतात. तासाला सहाच वेळा बदलत असेल तर ४६ मिनिटं. तुमच्या स्प्लिटवाल्या ओटीला हे गणितच लागू पडत नाही.

आणि मोठ्या हॉस्पिटलांची अडचण वेगळी. ओटीत हवेचा दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवतात, जखमेत बाहेरची घाण येऊ नये म्हणून. करोनात तोच दाब आतली हवा कॉरिडॉरमध्ये ढकलत होता. २०२० च्या उन्हाळ्यात आम्ही ठाण्यात आणि नवी मुंबईत दोन-तीन ठिकाणी हे उलटं करून दिलं. एके ठिकाणी तर खिडकीची काच काढून एक्झॉस्ट फॅन बसवला आणि दाराखालच्या फटीतून हवा आत ओढली. दिसायला गचाळ. धूर सोडून बघितला, काम चोख.

डॉक्टरसाहेब, तुम्हीही एक एक्झॉस्ट लावून घ्यायला हवा होता. दोन हजारांचं काम.

सीवूड्स:

@घणसोलीकर, पाच वर्षं उशीर झाला तुम्हाला भेटायला. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा, खरंच.

रात्रपाळी:

मी सिस्टर आहे. नवी मुंबईतल्या एका कोविड सेंटरच्या आयसीयूमध्ये होते. नाव लिहीत नाही.

मॅडमचं सगळं पटलं, पण एक लिहायचं राहिलं. भूलतज्ज्ञ आत यायचे, ट्यूब घालायचे, वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर. त्यांचं किट सर्वांत चांगलं. आम्ही त्याच खोलीत सहा-सहा तास. पोटावर पालथं घालायला एका पेशंटला चार-पाच जणी लागायच्या, त्यात ट्यूब सांभाळायची, लाइन सांभाळायची. ट्यूबमधला कफ ओढायचा तो आम्हीच, दिवसातून कितीदा तरी. आणि मावशी आणि वॉर्डबॉय, जे बॉडी पॅक करायचे, त्यांना काय मिळायचं? सुरुवातीला तीन पदरी निळा मास्क आणि प्लॅस्टिकचा ॲप्रन.

भीती सगळ्यांना सारखीच होती. किट पदाप्रमाणे होतं.

पाणी प्यायचं नाही कारण बाथरूमला जाता येत नाही. डायपर घातलेत. पाळीच्या दिवसांचं तर विचारूच नका. गॉगलवर धुकं यायचं म्हणून आतून भांडी घासायच्या लिक्विडचं बोट फिरवायचो. नाकावर मायक्रोपोर चिकटवायचो, ते काढताना सालपट निघायचं.

सर्वांत धोक्याचं काम किट घालणं नाही, काढणं. थकलेलं असतं माणूस, घाम आलेला, कधी एकदा मास्क काढतोय असं होतं. आमच्याकडे नियम होता: एकटीने काढायचं नाही. समोर दुसरीने उभं राहून मोठ्याने सांगायचं. ‘हात सॅनिटाइझ. बाहेरचे ग्लोव्ह्ज. पुन्हा हात. गाऊन आतून बाहेर गुंडाळ, झटकू नकोस. बाहेर ये. आता शील्ड. डोळे मिट, गॉगल. मास्क शेवटी, दोरीने.’ कोणी घाई केली की मी ओरडायचे. एका मोठ्या डॉक्टरांना मी ‘थांबा!’ म्हणून दरडावलंय, आणि ते शाळेतल्या मुलासारखे हात वर करून उभे राहिले.

नौपाडेकर:

सिस्टर, तुमचा प्रतिसाद माझ्या धाग्यापेक्षा मोलाचा आहे. पदाप्रमाणे किट, हे शब्दशः खरं. आणि काढताना समोर कोणीतरी हवंच. नर्सिंग होममध्ये ते कोणी नसायचं. मी मोबाइलवर नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावून त्याच्याकडून यादी वाचून घ्यायचे. तो बँकेत आहे, पण डॉफिंग (किट काढणं) त्याला आता झोपेतही येतं.

पक्या, तुझ्या वहिनीचा रकाना कुठला, याचं उत्तर सीवूड्स यांनी अर्धं दिलंच आहे. माझं उरलेलं अर्धं असं: फोनवर एकट्याने ठरवायची वेळ यायलाच नको होती. मेच्या अखेरीस आम्ही काही जणांनी मिळून पाळी लावली. आज ठाणे पूर्व-पश्चिम हा, उद्या ती. पन्नाशीच्या आतले पुढे, वरचे मागे, गरोदर आणि दम्याच्या बाहेर. ज्याची पाळी त्याने जायचंच, कारण विचारायचं नाही. मागे राहणाऱ्यांनी किटला पैसे घालायचे. घालत होते, कुरकुर न करता. अशी व्यवस्था मार्चमध्येच कोणी लावली असती तर तुमचा दीड तास वाचला असता.

आकडेमोड:

थोडं थंड पाणी ओततो.

‘भीतीने आम्हाला वाचवलं’ हे वाक्य ऐकायला छान, पण आकडे थोडं वेगळं सांगतात. करोनाच्या पेशंटला ट्यूब घालणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय नोंदवही ठेवली गेली होती. २०२० मध्ये तिचे पहिले निष्कर्ष आले: १७ देश, ५०३ हॉस्पिटलं, १७१८ कर्मचारी, पाच हजारांवर वेळा ट्यूब. साधारण महिनाभराच्या पाठपुराव्यात १०.७ टक्के लोकांना एकतर लागण झाली किंवा लक्षणं दिसून विलगीकरणात जावं लागलं किंवा दाखल व्हावं लागलं. चाचणीने पक्की झालेली लागण ३.१ टक्के. कमी नाही, पण ज्या प्रलयाची वाट बघत होते तोही नाही.

दुसरं. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधल्या शंभराहून जास्त आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंचा आढावा घेतला गेला, त्यात एकही भूलतज्ज्ञ किंवा आयसीयूतला डॉक्टर नव्हता. आणि त्याच वर्षी ब्रिस्टॉलच्या लोकांनी ओटीत कण मोजले. ट्यूब घालताना हवेत जवळजवळ काहीच उडत नाही, कारण पेशंट औषधाने ढिला पडलेला असतो. ट्यूब काढताना पंधरा पट जास्त उडतं. पण तेही एका साध्या खोकल्याच्या पस्तिसाव्या भागाएवढंच.

तिसरं कारण आजाराच्या चालीचं. लक्षणं सुरू होण्याच्या आसपास माणूस सर्वांत जास्त पसरवतो. व्हेंटिलेटरवर जातो तो बहुधा दुसऱ्या आठवड्यात, तेव्हा विषाणू ओसरायला लागलेला असतो. म्हणजे आयसीयूतल्या पेशंटपेक्षा घसा दुखतोय म्हणून दवाखान्यात आलेला माणूस जास्त धोक्याचा. आयएमएने (डॉक्टरांच्या देशव्यापी संघटनेने) पहिल्या लाटेत गेलेल्या सातशेहून जास्त डॉक्टरांची नोंद केली, त्यात जनरल प्रॅक्टिशनर किती होते ते आठवा. शंभर रुपये फी घेऊन, कापडी मास्क लावून, आठ बाय दहाच्या खोलीत बसलेले.

सारांश, सर्वांत घाबरलेले लोक सर्वांत कमी धोक्यात होते.

कोपरीचा पक्या:

आकडेमोड, जिओ!

नौपाडेकर:

पक्या, इतका खूश होऊ नकोस.

आकडेमोड, तुमचे आकडे बरोबर आहेत, ते मीही वाचलेत. पण ब्रिटनमध्ये आमच्यातलं कोणी गेलं नाही ते पूर्ण किटमध्ये असल्यामुळेसुद्धा, आणि किट भीतीमुळे. जो घाबरत नव्हता तो कापडी मास्कवर होता. तुमच्या त्या आठ बाय दहाच्या खोलीतल्या डॉक्टरला कोणी सांगितलंच नाही की तू आमच्यापेक्षा जास्त धोक्यात आहेस. आमचं लक्ष ट्यूबवर आणि विषाणू चहाच्या खोलीत. माझ्या ओळखीच्या ज्या भूलतज्ज्ञांना पहिल्या लाटेत लागण झाली, त्यातल्या बहुतेकांना ती केसमध्ये नाही, ओटीबाहेर मास्क काढून वडापाव खाताना झाली असावी. सिद्ध करू शकत नाही.

आणि एक भीती आम्हाला नडलीही. ॲक्रिलिकची पेटी आठवते का? पेशंटच्या डोक्यावर ठेवायची, हात घालायला दोन भोकं. तैवानच्या एका भूलतज्ज्ञांची कल्पना, मार्च-एप्रिलमध्ये जगभर पसरली. ठाण्यातही दुकानांच्या पाट्या बनवणारे कारागीर त्या करून द्यायला लागले, देणगी म्हणून वाटल्या गेल्या, फोटो आले. मी एकदाच वापरली. आत हात वळत नाहीत, मान अवघड असेल तर ट्यूब दिसतच नाही, आणि भोकाच्या कडेला गाऊनची बाही अडकून फाटली. पुढे ऑस्ट्रेलियात पुतळ्यांवर तपासलं, तिथेही वेळ जास्त आणि किट फाटलेलं. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या खात्याने) तसल्या पेट्यांची परवानगी काढून घेतली. सुरक्षित वाटणं आणि सुरक्षित असणं यात किती अंतर असतं ते त्या पेटीने शिकवलं. आमच्या एका नर्सिंग होममध्ये आता तिच्यात फाइली ठेवतात.

मामाचा भाचा:

अवांतर प्रश्न. माझ्या मामाला २०२१ मध्ये करोना होऊन गेल्यावर हर्नियाचं ऑपरेशन सात आठवडे पुढे ढकललं. ‘भूलवाले नाही म्हणतात’ असं कारण दिलं. तीही भीतीच का?

नौपाडेकर:

नाही, ते मामांसाठी होतं. मार्च २०२१ मध्ये ११६ देशांतल्या एक लाख चाळीस हजार पेशंटांचा अभ्यास आला. लागण झाल्यापासून सात आठवड्यांच्या आत ऑपरेशन केलं तर मृत्यूचा धोका वाढतो, त्यानंतर तो जवळजवळ नेहमीसारखा होतो. सर्जनने समजावून सांगायला हवं होतं. ‘भूलवाले नाही म्हणतात’ हे वाक्य ठाण्यात फार जुनं आहे, करोनाच्याही आधीचं.

मीठबंदर:

बरेच दिवस फक्त वाचत होतो. धाग्याचं शीर्षक बघून लिहितोय.

माझे वडील एप्रिल २०२१ मध्ये गेले. आयसीयूत हाय-फ्लोवर, म्हणजे नाकातून जोराच्या ऑक्सिजनवर, होते. त्या दिवशी मला काचेतून दोन मिनिटं बघू दिलं होतं. मी तिथे असतानाच मॉनिटर वाजायला लागला. आतली सिस्टर बेल दाबत होती. कॉरिडॉरमध्ये डॉक्टर आल्या, आणि आत न जाता बाहेरच्या खोलीत गेल्या. मी बघत होतो. त्या किट चढवत होत्या. एका बाजूला बाबा, एका बाजूला त्या, मध्ये मी. मी काच बडवली. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, झिप लावत राहिल्या.

मला तेव्हा त्यांचा गळा दाबावासा वाटला होता. आज राग नाही, पण समजलंय असंही नाही. इथे डॉक्टर आहेत म्हणून विचारतो. त्या लगेच गेल्या असत्या तर?

नौपाडेकर:

मीठबंदर, बाबांचा आजार मला माहीत नाही, त्यामुळे ‘काही फरक पडला नसता’ असं मी म्हणणार नाही. ते वाक्य आम्ही फार स्वस्तात वापरतो. काही पेशंटांच्या बाबतीत त्या पाच मिनिटांनी फरक पडला असणार. इंग्लंडातही यावर एकमत नव्हतं: तिथलं सरकारी आरोग्य खातं म्हणत होतं की नुसती छाती दाबायला पूर्ण किट लागत नाही, आणि पुनरुज्जीवनाचं प्रशिक्षण देणारी संस्था म्हणत होती की लागतं.

मी एवढंच सांगू शकते की त्या बाईंनी तुमच्याकडे बघितलं नाही ते मुद्दाम. बघितलं असतं तर हात थांबले असते किंवा किट अर्धवट राहिलं असतं. त्या आयसीयूत त्या वेळी ट्यूब घालू शकणारी बहुधा ती एकटीच होती. एप्रिल २०२१ मध्ये ठाण्यात तशीच स्थिती होती. ती आजारी पडली असती तर पुढचे पंधरा दिवस बाकीच्या खाटांना कोणी नाही. हा हिशेब तुमच्या बाबांच्या बाजूने नव्हता, आणि तुम्ही तो मान्य करावा अशी अपेक्षा कोणी करू नये.

रात्रपाळी:

मीठबंदर दादा, आत जी सिस्टर होती ती तोवर ऑक्सिजन वाढवून, डोकं वर करून, जे करता येतं ते करत असते. ती पाच मिनिटं बाबा एकटे नव्हते.

मीठबंदर:

धन्यवाद दोघींना.

वर्तकनगरचे अण्णा:

मी निवृत्त भूलतज्ज्ञ, आता पंच्याहत्तरीत. या भीतीला आधीचीही एक पिढी आहे म्हणून लिहितो.

१९८६ मध्ये भारतात एड्सचे पहिले रुग्ण सापडले आणि पुढची काही वर्षं ओटीत हाच गोंधळ. तोवर आम्ही ग्लोव्ह्ज न घालता ट्यूबा घातलेल्या, लाळ हाताला, मग तोच हात धुऊन चहाचा कप. एचआयव्हीची केस आली की स्टाफ गायब, ऑपरेशनांच्या यादीत नंबर शेवटचा, ओटी दोन दिवस बंद. टोचलेल्या सुईतून एचआयव्ही लागण्याची शक्यता हजारात तीन. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी त्याच सुईतून शंभरात तीसपर्यंत लागू शकते. पण बीला कोणी भीत नव्हतं, आणि त्यानेच आमचे काही सहकारी यकृताच्या आजाराने गेले. आकडेमोड यांनी जे लिहिलं ते तेव्हाही खरं होतं. भीती नेहमी नव्या पाहुण्याची वाटते, घरात मुक्कामाला असलेल्याची नाही.

एचआयव्हीमुळे ग्लोव्ह्ज आले ते मात्र कायमचे राहिले. करोनामुळे आलेलं काय राहिलं, हे चालू भूलतज्ज्ञांनी सांगावं.

ऐरोलीचा पूल:

अण्णा, दंडवत.

बाकी सोसायट्यांचं कोणी लिहिलं नाही. आमच्या शेजारच्या डॉक्टरीणबाईंना लिफ्ट वापरू नका अशी चिठ्ठी दारावर लावली होती. २२ मार्चला थाळ्या वाजवणारेच होते सेक्रेटरी. एप्रिलमध्ये डॉक्टरांवरच्या हल्ल्यांना सात वर्षांपर्यंत शिक्षेचा वटहुकूम आला, तेव्हा चिठ्ठी निघाली.

सीवूड्स:

सोसायट्यांचा वेगळा धागा काढा, हा संपायचा नाही.

विम्याचं मात्र इथेच लिहायला हवं. मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांची योजना जाहीर झाली. खासगी डॉक्टर तिच्यात बसतात का, हे वर्षानुवर्षं भिजत पडलं. नवी मुंबईतल्याच एका डॉक्टरांच्या कुटुंबाचा दावा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळला, कारण सेवा रीतसर मागवलेली नव्हती. दवाखाने उघडे ठेवा अशी नोटीस मात्र आली होती. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी डॉक्टरांच्या बाजूने कौल दिला. तोपर्यंत फ्रीलान्सरने घाबरू नये असं म्हणणाऱ्याने आधी हे वाचावं.

दुसरं वर्ष:

मी ॲनेस्थेशियाची रेसिडेंट आहे, करोनात बारावीनंतरच्या वर्षांत होते, त्यामुळे हे सगळं ऐकीव. अण्णांच्या प्रश्नावरून विचारते. आमच्याकडे आता एन-९५ फक्त कपाटात आहेत. काल छातीत टीबी असलेल्या पेशंटच्या ब्रॉन्कोस्कोपीला (नळीतून फुप्फुसात बघायच्या तपासणीला) मी एन-९५ मागितला तर सर हसले, ‘करोना गेला, बाळ.’ मी जास्त घाबरते का?

नौपाडेकर:

अजिबात नाही. टीबी तर हवेतूनच पसरतो हे कोणीही नाकारत नाही, आणि ब्रॉन्कोस्कोपीत पेशंट खोकतोच. करोनात तरी पेशंट ढिला पडलेला असायचा. थुंकी पॉझिटिव्ह असेल, औषधं नुकतीच सुरू झाली असतील किंवा टीबी दाद न देणारा असेल, तर एन-९५ घालूनच आत जायचं, सर हसोत की रडोत.

अण्णा, राहिलं काय ते सांगते: व्हिडिओ लॅरिंगोस्कोप राहिला, तोंडाशी फिल्टर बऱ्याच ठिकाणी राहिला, ट्यूब घालताना डोळ्यांना चष्मा काही जणांनी ठेवला. एक्झॉस्ट फॅन कुठेच राहिले नाहीत, बहुतेक ठिकाणी पुन्हा काच बसली.

दुसरं वर्ष, कपाटातल्या मास्कची तारीख बघ. २०२० च्या साठ्यातला असेल तर इलॅस्टिक ताणून पाहा, ते सैल पडतं आणि मास्क चेहऱ्याला बसत नाही. नवीन घे, दोन मापं मागव, आणि कडेने हवा जाते का ते फुंकर मारून बघ. बॅगेत दोन नेहमी ठेव, एक तुझा आणि एक आतल्या सिस्टरचा.

रात्रपाळी:

आणि एक मावशींचा.